लाकडी पार्टिशनच्या फ्रेमला लाकूड किती लागेल? टेपपासून लातीवरच्या बिलापर्यंत

बडोद्यात लाकडाच्या लातीवर, म्हणजे वखारीत, पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "केटला फूट जोईए?" बहुतेकांचं गणित इथेच फसतं. घरून निघताना कुणी भिंतीचं क्षेत्रफळ काढून आणलेलं असतं, कुणाच्या खिशात मिस्त्रीने तोंडी सांगितलेला रनिंग फुटांचा, म्हणजे नुसत्या एकूण लांबीचा, आकडा असतो. दोन्हींवरून बिल होऊ शकतं, भिंत उभी राहीलच असं नाही. लाकूड तुकड्यांत कापलं जातं आणि प्रत्येक तुकडा एका अखंड नगातूनच निघावा लागतो. म्हणून क्रम असा: आधी तुकड्यांची यादी, मग नग, मग रनिंग फूट आणि सगळ्यात शेवटी घनफूट. लोक नेमकं उलट्या टोकाने सुरू करतात.

हा हिशेब घराच्या आतल्या, भार न घेणाऱ्या पार्टिशनचा आहे: लाकडी फ्रेम आणि दोन्ही बाजूंनी प्लाय. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरात माडीवरच्या एका लांबट खोलीच्या दोन खोल्या करायच्या, अशा कामासाठी. छताचा किंवा वरच्या मजल्याचा भार घेणाऱ्या भिंतीला यातलं काहीही लावू नका, ते काम इंजिनिअरचं.

अमेरिकन व्हिडिओंविषयी आत्ताच सांगून टाकतो. तिथे घराच्या भिंतीच लाकडी असतात आणि छत त्यांच्यावर टेकतं. त्यांची '२×४' प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते, उभ्यांमधलं, म्हणजे फ्रेमच्या उभ्या पट्ट्यांमधलं, अंतर १६ किंवा २४ इंच ठेवतात, आणि 'भिंतीच्या दर फुटाला एक उभा' हा त्यांचा घाईचा अंदाज कोपरे, दारं, खिडक्या धरून केलेला असतो. त्याने आपल्या १४ फुटी पार्टिशनला १४ उभे निघतात. पुढे दिसेल की १० पुरतात.

तयारी: लातीवर जाण्याआधी चार निर्णय

खोली मोजण्याआधी चार गोष्टी पक्क्या हव्यात, नाहीतर मोजमाप दोनदा करावं लागतं.

पहिली, लाकडाचा साइज. घरगुती पार्टिशनला २×२, २½×१½ किंवा ३×२ इंचाची पट्टी वापरतात. भिंत नऊ फुटांहून उंच असेल आणि तिच्यात दार असेल तर मी ३×२ च सांगेन. २×२ च्या फ्रेममध्ये दार जोरात आपटलं की सगळी भिंत हलते, मग वर कितीही भारी लॅमिनेट लावा.

दुसरी, प्लायची जाडी. फ्रेमच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचं अंतर त्यावर ठरतं.

तिसरी, दार कुठे आणि केवढं. 'नंतर बघू' म्हटलं की दोन-तीन उभे वाया गेलेच.

चौथी, भिंतीवर काय टांगायचं: टीव्ही, पुस्तकांची फळी, बेसिन. त्या जागी आत जादा आडवे लागतात आणि प्लाय बसल्यावर ते घालता येत नाहीत.

सोबत स्टीलचा टेप, ओळंबा, लेव्हल पाइप आणि चौकडीचा कागद. कापडी टेप ताणला जातो, तो नको.

सावध: जुन्या घराच्या माडीची जमीन लाकडी तुळयांवर असेल, तर पार्टिशनचं वजन एका सरळ रेषेत त्यांच्यावर येतं. पार्टिशन तुळयांना आडवं जात असेल तर ते वजन अनेक तुळयांत वाटलं जातं. समांतर जात असेल आणि खाली तुळईच नसेल, तर आधी जाणकाराला दाखवा, मग लाकूड घ्या.

टप्पा १: तीन-तीन ठिकाणी मोजा

जुन्या घरात काटकोन क्वचितच सापडतो. लांबी तीन जागी घ्या: जमिनीलगत, छातीच्या उंचीवर आणि छतालगत. उंची दर दोन फुटांवर मोजा. चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीला पोट असतं, ते ओळंबा सोडल्याशिवाय दिसत नाही.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एक भिंत धरू. लांबी खाली १४ फूट, मध्ये १३ फूट ११½ इंच, वर १३ फूट ११ इंच. उंची डावीकडे ९ फूट ७ इंच, मध्यावर ९ फूट ८½ इंच, उजवीकडे ९ फूट ९ इंच.

लाकडाच्या अंदाजाला यातलं सर्वांत मोठं माप घ्यायचं: लांबी १६८ इंच, उंची ११७ इंच. सरासरी काढायची नाही. इंचभर जास्त आलेली पट्टी कापता येते.

इथून पुढे सगळं इंचांत लिहा. '९.५' असं लिहिलेलं मी साडेनऊ फूट समजेन आणि मिस्त्री ९ फूट ५ इंच समजेल. कागदावर ११३ लिहिलं की दोघांना एकच दिसतं.

तपासा: फॉल्स सीलिंग करायचं आहे का? पार्टिशन खऱ्या छताला भिडणार की सीलिंगपाशी थांबणार, हे आत्ताच ठरलं पाहिजे. उभ्यांची लांबी फूटभर बदलली की लातीवरून घ्यायची पट्टीच वेगळी होते.

टप्पा २: आधी शीट, मग उभ्यांचं अंतर

प्लायची शीट ८×४ फुटांची, म्हणजे ९६×४८ इंचांची. शीटच्या दोन्ही उभ्या कडा लाकडाच्या मध्यावर टेकल्या पाहिजेत, अर्धं लाकूड या शीटला आणि अर्धं शेजारच्या. म्हणून उभ्यांचं अंतर ४८ ला पूर्ण भाग जाईल असंच हवं: २४ किंवा १६ इंच.

१२ मिमी प्लायला २४ इंच चालतात. ६ मिमी लावायचा हट्ट असेल तर १६ वर या, नाहीतर हाताने दाबलं की भिंत ढोलासारखी वाजते आणि वर्षभरात पोटही काढते. प्लायमध्ये वाचवलेले पैसे मग लाकडात जातात.

'दीड फुटावर मारू' असं सर्रास ऐकू येतं. १८ इंचांनी ४८ ला भाग जात नाही. दोन उभ्यांनंतर शीटची कड हवेत राहते, आणि तिला आधार म्हणून हिशेबात नसलेला उभा घुसतो. १४ फुटी भिंतीत ४८ आणि ९६ वर एकेक, अशा दोन पट्ट्यांचा बट्टा लागतो.

३×२ ची २ इंची बाजू प्लायकडे ठेवायची आणि ३ इंची बाजू भिंतीच्या जाडीत. फ्रेमचे ३ इंच आणि दोन्हीकडच्या प्लायचा साधारण एक, मिळून भिंत ४ इंचांची होते. दाराची चौकट त्या मापाची हवी, म्हणून हा आकडा चौकट करणाऱ्याला आजच कळवा.

टप्पा ३: कागदावर भिंत उभी करा

चौकडीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे ४ इंच धरा. हे चित्र टाळलं की पुढची यादी हमखास चुकते.

डाव्या भिंतीला शून्य समजा. पहिला उभा भिंतीला चिकटून, म्हणजे ० ते २ इंच. पुढचे मध्य २४, ४८, ७२, ९६, १२० आणि १४४ वर. शेवटचा उजव्या भिंतीला चिकटून, १६६ ते १६८. सूत्र: १६८ भागिले २४ म्हणजे ७, अधिक १, म्हणजे ८ उभे. तो 'अधिक १' विसरणारे बरेच.

सावध: दुसऱ्या उभ्याचे २४ इंच *भिंतीपासून* मोजायचे, पहिल्या उभ्याच्या मध्यापासून नाही. पहिला मध्य १ इंचावर असतो. तिथून मोजलं की सगळी रांग इंचभर सरकते, आणि शीटच्या कडेला उभ्याचा इंचभर आधार मिळायचा तिथे काहीच मिळत नाही.

आता दार. चौकटीसह लागणारी मोकळी जागा रुंदीला ३८ आणि उंचीला ८५ इंच धरू. दार मनाला येईल तिथे काढू नका, एका ग्रिडच्या, म्हणजे २४-२४ च्या रांगेतल्या, उभ्याला टेकवा. ९६ वरचा उभा ९५ ते ९७ असा आहे, म्हणून मोकळी जागा ९७ ते १३५ घेऊ. तोच उभा शीटचा जोड सांभाळतो आणि दाराची डावी बाजूही.

दाराच्या दोन्ही बाजूंना उभे दुहेरी हवेत. बिजागऱ्यांचं आणि आपटण्याचं सगळं तिथेच येतं. आता मोजा: ग्रिडचे ८, त्यातून १२० वरचा गेला (तो दारात येतो), राहिले ७. डावीकडे जोडीचा १, उजवीकडे नवे २. एकूण १० पूर्ण उंचीचे उभे.

उजवीकडे दाराची जोडी १३५ ते १३९ मध्ये बसते आणि १४४ वरचा उभा तिच्यापासून जेमतेम ४ इंचांवर येतो. हिशेबात तो राहू द्या. जागेवर मिस्त्री तो उजवीकडे सरकवून मोठा गाळा विभागेल. उभ्यांची संख्या तीच राहते.

टप्पा ४: तुकड्यांची यादी

उभ्यांची लांबी उंचीइतकी नसते. खालची पट्टी २ इंच आणि वरची २ इंच वजा करा: ११७ वजा ४, म्हणजे ११३ इंच, ९ फूट ५ इंच. हा आकडा लक्षात ठेवा, लातीवरची सगळी खरेदी त्याच्याभोवती फिरणार आहे.

खालची पट्टी दाराच्या जागी तुटते, नाहीतर येता-जाता ठेच लागेल. म्हणून दोन तुकडे: ० ते ९७ आणि १३५ ते १६८. पहिला ९७ इंचांचा, म्हणजे ८ फूट १ इंच. आठ फुटी पट्टीतून तो इंचभराने हुकतो. रनिंग फुटांच्या हिशेबात असले इंच दिसत नाहीत.

वरची पट्टी अखंड १६८ हवी. तेवढी लांब पट्टी सहसा मिळत नाही, म्हणून जोड द्यायचा, पण तो उभ्याच्या डोक्यावरच आला पाहिजे. ९६ वर घेऊ: ९६ आणि ७२.

आडवे. भिंत आठ फुटांहून उंच आहे, म्हणून ९६ वर शीटचा आडवा जोड येणार आणि तिथे आडव्यांची रांग हवीच. बाकी रांगा २४, ४८ आणि ७२ वर. एकूण चार.

एका रांगेत किती तुकडे आणि केवढे? इथे जवळजवळ सगळे २४ इंच धरतात. ते मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर झालं. आडवा दोन उभ्यांच्या *मधल्या* जागेत बसतो, आणि ती डावीकडून अशी येते: २१, २२, २२, २०, आणि दाराच्या उजवीकडे २१. दाराजवळच्या ४ इंचांच्या फटीत आडवा नको. रांगेत ५ तुकडे, चार रांगांत २०.

दाराच्या वर: आडवा ३८, त्याच्या डोक्यावर १२० च्या मध्यावर छोटा उभा २८ (८७ पासून ११५ पर्यंत), आणि ९६ च्या रांगेतले दोन तुकडे, २२ आणि १४.

टीव्हीसाठी जादा आडवे: २२ चे दोन.

पूर्ण यादी:

- उभे: ११३ × १० = ११३०
- खालची पट्टी: ९७ + ३३ = १३०
- वरची पट्टी: ९६ + ७२ = १६८
- दाराच्या वरचं: ३८ + २८ + २२ + १४ = १०२
- आडवे: २२ × ८, २१ × ८, २० × ४ = ४२४
- टीव्हीचे: २२ × २ = ४४

बेरीज १९९८ इंच, म्हणजे १६६½ फूट.

तपासा: चित्रातल्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने बरोबरची खूण करत यादी वाचा. खूण नसलेला तुकडा राहिला तर यादी अपुरी, एकावर दोन खुणा आल्या तर काहीतरी दोनदा मोजलंय.

टप्पा ५: यादी मिळणाऱ्या लांबीत बसवा

बाकीचं घाईत केलं तरी एक वेळ निभावेल, हा टप्पा नाही.

समजा तुम्ही १६६½ चे १६७ केले, वर दहा टक्के घातले आणि लातीवर सांगितलं, "१८४ फूट द्या." शेठने आठ फुटी २३ पट्ट्या टेम्पोत टाकल्या. २३ गुणिले ८, बरोबर १८४. बिल चोख आहे, आणि त्यातून एकही उभा निघत नाही, कारण उभा ९ फूट ५ इंचांचा आहे. मग मिस्त्री दोन तुकडे जोडून उभा करतो. जोड दिलेला उभा जोडापाशीच वाकतो, आणि पुढे प्लायवर तीच रेघ उमटते.

म्हणून आधी लातीवर फोन करून विचारा की ३×२ मध्ये आज कोणकोणत्या लांब्या आहेत. बडोद्यात मिळणारा बराचसा पाइन कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरला जातो. लांब्या येणाऱ्या मालावर ठरतात, आपल्या भिंतीवर नाही. आपण ८, १० आणि १२ फुटी मिळते असं धरू.

दोन वजावटी आधीच करा. पट्टीची टोकं तिरकी किंवा चिरलेली असतात, दोन्हीकडून मिळून २ इंच सोडा. म्हणजे दहा फुटीत ११८ आणि बारा फुटीत १४२ इंच कामाचे. आणि करवतीच्या प्रत्येक कापाला सुमारे १ सूत, म्हणजे ३ मिमी लाकूड भुशात जातं. ९७, ३३ आणि १४ यांची बेरीज बरोबर १४४ होते, कागदावर बारा फुटीत छान बसते. प्रत्यक्षात १४ चा तुकडा कमी पडतो.

आता मोठ्या तुकड्यापासून लहानाकडे या. आधी लहान कापून ठेवणाऱ्याला शेवटी लांब तुकडा मिळत नाही.

१. उभे: दहा फुटी १० नग, प्रत्येकातून एक ११३. उरलेले चार-पाच इंच फक्त ठोकळ्यांच्या कामाचे.

२. बारा फुटी एक नग: ९७ + ३३ = १३०.

३. बारा फुटी एक: ९६ + ३८ = १३४.

४. बारा फुटी एक: ७२ + २८ + २२ + १४ = १३६.

५. आडवे, टीव्हीचे धरून २२ तुकडे: बारा फुटीतून सहा निघतात, म्हणून ४ नग. चौथ्यात पाच फुटांचा तुकडा शिल्लक राहतो, तो दाराजवळच्या सरकवासरकवीला कामी येतो.

एकूण दहा फुटी १० आणि बारा फुटी ७. म्हणजे १०० + ८४ = १८४ फूट. आठ फुटीच्या बिलातही नेमका हाच आकडा होता.

सगळंच बारा फुटीत घेतलं तर? प्रत्येक उभा काढल्यावर २९ इंच उरतात आणि त्यातून २२ चा एक आडवा निघतो. दहा उभ्यांसोबत दहा आडवे फुकट. बाकीच्या १२ आडव्यांना २ नग, वरच्या क्रमांक २ ते ४ साठी ३ नग. एकूण १५ नग, १८० फूट. लांब पट्टी घेऊनही लाकूड ४ फूट कमी लागलं. पण लांब मालाचा दर घनफुटामागे जास्त आहे का ते विचारा, आणि बारा फुटी पट्टी तुमच्या जिन्याच्या वळणातून वर जाते का ते बघा. जुन्या घरांच्या अरुंद, उभ्या जिन्यात ती अडकते, मग गॅलरीतून दोराने ओढून घ्यावी लागते. माडीचं काम असेल तर मी दहा-बाराचा मेळच घेईन.

आठ फुटी अगदीच निरुपयोगी नाही. आडव्यांना ती उत्तम: चार तुकडे एका नगात, २२ ला ६ नग, ४८ फूट. बारा फुटीच्या ४ नगांचेही ४८ च होतात. तेव्हा आठ फुटी माल सरळ आणि कोरडा दिसला तर आडव्यांसाठी तोच घ्या.

तपासा: प्रत्येक नगापुढे त्यातून निघणारे तुकडे लिहिलेत का? हा कागद मिस्त्रीच्या हातात जाणार आहे. तो नसेल तर समोर दिसेल ती पट्टी उचलून कापली जाते, आणि बारा फुटीतून उभा कापून उरलेले २९ इंच कोपऱ्यात पडून राहतात.

टप्पा ६: जादा किती घ्यावं

१६६½ च्या कामाला १८४ फूट, म्हणजे साडेदहा टक्के कापण्यातच गेले. ते वर हिशेबात आलेत, पुन्हा टक्के लावू नका. आता जादा फक्त खराब निघणाऱ्या मालासाठी: मोठी गाठ, चीर, पीळ. एवढ्या भिंतीला दहा फुटी १ आणि बारा फुटी १ पुरे. *अख्खा नग* जादा घ्यायचा, फूट नाही. एक उभा वाकडा निघाला तर त्याच्या जागी दुसरा उभाच लागणार.

अंतिम खरेदी: दहा फुटी ११, बारा फुटी ८, एकूण २०६ फूट.

टप्पा ७: आता घनफूट

सूत्र: रुंदी इंचांत × जाडी इंचांत × लांबी फुटांत, भागिले १४४.

३ × २ × २०६ = १२३६. भागिले १४४ = ८.५८ घनफूट.

लांबीही इंचांत टाकली तर भागाकार १७२८ ने करायचा. ही गल्लत झाली की उत्तर बारा पट फुगतं किंवा बारावा हिस्सा होतं. पडताळा तोंडी करता येतो: ३×२ चे २४ रनिंग फूट म्हणजे १ घनफूट, २×२ चे ३६, ४×२ चे १८. २०६ भागिले २४, उत्तर तेच.

लातीवर भाव करताना एक प्रश्न विचाराच: माप चिरलेलं की रंध्याचं? आणि टेप लावून बघा. '३×२' म्हणून दिलेली पट्टी पाव-पाव इंच कमी, म्हणजे २¾×१¾ भरली आणि बिल ३×२ चं झालं, तर जवळजवळ २० टक्के लाकूड कमी मिळालं. रंधा मारल्यावर माप उतरतंच, त्यात लबाडी नाही. पण मग दर त्याप्रमाणे बोलायचा. पट्टी १¾ भरली तर उभ्याची लांबीही अर्ध्या इंचाने वाढून ११३½ होते. दहा फुटीत ती अजूनही निघते, यादीत मात्र आकडा बदला.

चिराई, टेम्पो, हमाली आणि जीएसटी भावात आहेत की वेगळे, हे लिहून घ्या.

सावध: आत झाकल्या जाणाऱ्या फ्रेमला साग घेऊ नका. लाकूड कोरडं आणि सरळ असणं महत्त्वाचं, ते पाइनमध्ये मिळतं. वाचलेले पैसे दाराच्या चौकटीत घाला, ती रोज दिसते आणि रोज आपटते.

टप्पा ८: माल उतरवून घेताना

टेम्पो आला की आधी नग मोजा, मग लांबीचे गट करा: दहा फुटी ११, बारा फुटी ८. प्रत्येक पट्टी एका टोकाने डोळ्यासमोर धरून लांबवर बघा. धनुष्यासारखी वाकलेली पट्टी आडव्यांना चालते, कारण ती छोट्या तुकड्यांत कापली जाते. पिळलेली पट्टी परत करा, पीळ काही केल्या निघत नाही. सगळ्यांत सरळ सहा पट्ट्यांवर खडूने खूण करून ठेवा: चार दाराच्या जोड्यांना, दोन भिंतींना चिकटणाऱ्या उभ्यांना.

ओलं लाकूड हाताला गार आणि वजनाला जड लागतं. मिस्त्रीकडे ओलावा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर त्याच लांबीच्या दोन पट्ट्या दोन हातांत तोलून बघा, फरक लगेच कळतो. बडोद्याच्या पावसाळ्यात हवाच दमट असते. जून ते सप्टेंबरमध्ये ताज्या चिरलेल्या लाकडाची फ्रेम करून वर लॅमिनेट चढवलं, तर हिवाळ्यात लाकूड आकसतं आणि जोड उघडे पडतात. काम पुढे ढकलता येत नसेल तर माल आठवडाभर आधी आणून त्याच खोलीत आडवा ठेवा, थरांमध्ये चिपट्या घालून, भिंतीला न टेकवता. उभा टेकवून ठेवलेला माल वाकतो.

वाळवीचं औषध कापल्यानंतर लावायचं, कापलेल्या टोकांना आणि खालच्या पट्टीच्या तळाला. आधी लावलं तर नवी टोकं कोरीच राहतात, आणि वाळवी तिथूनच शिरते.

तळमजल्याचं काम असेल तर अजून एक. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहराच्या बऱ्याच भागांत घरांत शिरलं होतं. तुमचं घर अशा भागात असेल तर खालची लाकडी पट्टी थेट जमिनीवर ठेवू नका. आधी ग्रॅनाइटची किंवा सिमेंटची चार-सहा इंचांची पायरी काढा आणि फ्रेम तिच्यावर उभी करा. उभ्यांची लांबी तेवढीच कमी होईल. सहा इंचांची पायरी केली तर ११३ चे १०७ होतात, दहा फुटीच लागतात, पण यादीतला आकडा बदलायला विसरू नका.

प्लाय आणि स्क्रू, थोडक्यात

क्षेत्रफळाने एका बाजूला ३.६ शीट येतात, लागतात ४: दोन अख्ख्या ९६ पर्यंत, एक दाराच्या उजवीकडच्या ३३ इंची पट्ट्याला (उरलेल्या १५ इंचांतून दाराच्या वरचा तुकडा निघतो), एक आठ फुटांच्या वरच्या २१ इंची पट्ट्याला. दोन्ही बाजू मिळून ८. बाथरूमलगत असेल तर आयएस ७१० ची (पाण्यात टिकणारी मरीन प्लाय), कोरड्या खोलीत आयएस ३०३ ची (साधी प्लाय) पुरते.

जमिनीला आणि बाजूच्या भिंतींना फ्रेम धरणारे स्क्रू दर दोन फुटांवर धरा. चुन्याच्या भिंतीत प्लग नुसता फिरत राहतो. एक भोक आधी पाडून बघा आणि आत विटेला धरेल एवढ्या लांबीचाच स्क्रू आणा.